खुर्च्या बाहेर ठेवणाऱ्या बाई

बाई माणसाचे पाय आधी बघत आणि तोंड नंतर. कित्येकदा तोंड बघायचं राहूनच जाई. मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या हाताखाली मी लागले, त्याला बरेच महिने झाले होते. एका रविवारी सांगलीच्या बाजारात त्या समोरून आल्या. मी हसले, नमस्कार केला. त्या परक्यासारख्या बघत पुढे निघून गेल्या. मी जरा पुढे गेले असेन, तोच मागून भर रस्त्यात हाक आली, "अगं, तू व्हय! लुगडं नवं, चपला नव्या. चाल वळखली तवा कळलं!"

आमचा विभाग म्हणजे दवाखान्याच्या मागच्या अंगाला असलेली एक लांबोळकी, कौलारू इमारत. दारावर इंग्रजीत फिजिओथेरपी लिहिलेलं होतं, पण खेड्यातून येणारी माणसं त्याला 'कसरतीचं खातं' म्हणत. तेवढं बाईंना चाले. कुणी 'मालिशवाल्या बाई' म्हटलं की मात्र त्यांच्या नाकपुड्या फुलत.

मुलाखतीला गेले तेव्हा पहिल्यांदा दिसल्या त्या बाहेरच्या खुर्च्या. भिंतीला लावून, एकीवर एक चढवून, उन्हात ठेवलेल्या. आत एकही खुर्ची नव्हती. पांढऱ्या कोटाखाली नऊवारी नेसलेली, उंच, काळीसावळी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. मी सर्टिफिकेटांची फाईल पुढे केली.

"ते र्‍हाऊ दे. खाली बस."

मी बसले.

"आता हात न टेकता ऊठ."

नवी कोरी पाचवारी, पायाखाली आलेला काठ, समोर हसू दाबणारे दोन पेशंट. मी कशीबशी उठले.

"उद्यापासनं ये," बाई म्हणाल्या. "पर ते लुगड्याचं कायतरी कर. पाचवारीत पाय शिवल्यागत होत्यात. पेशंटम्होरं बसायचं कसं?"

फाईल माझ्या हातात तशीच राहिली. ती त्यांनी पुढेही कधी उघडून बघितली नाही.

बाई पाटणच्या बाजूच्या. वडील शेतकरी, घरातले बरेच पुरुष फौजेत. त्यांच्या घरात शिकलेली पहिली मुलगी. मुंबईला जाऊन त्या हे शिक्षण घेऊन आल्या, पोलिओ झालेल्या मुलांबरोबर काम केलं आणि मग मिरजेला येऊन ठाण मांडलं. डॉक्टरांशी त्या शुद्ध बोलत, पेशंटशी गावाकडचं. आणि चिडल्या की समोर कोणीही असो, पाटण बाहेर पडे. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलं तर म्हणत, "माझ्या चालीनं चालणारा गावला न्हाई."

ते खरंही असावं. बाई चालत असत तेव्हा बरोबरच्या माणसाला धावावं लागे.

विभागाच्या मागे त्यांनी एक परसू करून घेतलं होतं. तिथं जातं होतं, चूल होती, हौदावर रहाट होता, आणि आडोशाला, ज्यावर उकिडवं बसायचं ते दोन दगडही होते. हात मोडून बरी झालेली बाई तिथं पाणी शेंदे. पाठीचं दुखणं घेऊन आलेली म्हातारी जात्यावर बसून दाखवी. परदेशी पुस्तकात ज्या व्यायामाला मोठा रबरी चेंडू लागतो, त्याला बाईंनी मिरजेच्या तंबोरे करणाऱ्यांकडून वाळलेले, जरासे चिरलेले, वाद्याला न चालणारे भोपळे आणले होते. खांदा आखडलेला माणूस भोपळ्यावर हात ठेवून तो पुढं-मागं लोटे. एकदा एक तंबोरेवालाच मनगटाचं दुखणं घेऊन आला. आपला भोपळा असा लोटला जाताना बघून त्याचा जीव कळवळला असावा. "बाई, जरा हळू, आतनं आवाज चांगला आहे ह्याचा," तो म्हणाला. तो भोपळा बाईंनी त्याला परत देऊन टाकला.

रस्त्यात एखाद्याची चाल वेगळी दिसली की त्या मागं लागत. हळदीच्या पेठेत एक हमाल पोतं घेऊन किंचित एका अंगाला कलून चालला होता. बाई त्याच्या मागोमाग ह्या गाड्याकडून त्या गाड्याकडे. शेवटी त्याची बायको, जी तिथंच हळकुंडं निवडत होती, पदर खोचून उठली. "आवं बाई, काय पायजेल तुमास्नी? मगाधरनं बगतीया मी!"

"तुझ्या नवऱ्याचा उजवा खुबा पायजेल," बाई शांतपणे म्हणाल्या.

तिथं जमलेल्या माणसांत जो हशा पिकला, तो थांबेपर्यंत बाईंनी हमालाला खाली बसवून त्याचा पाय हातात घेतलेला होता. पुढच्या आठवड्यात ती दोघं नवरा-बायको दवाखान्यात आली.

पण पुढे आम्ही दोघी परदेशी जाऊन आलो, ते सगळं प्रकरण सुरू झालं बिरामामांपासून. जतकडचे मेंढपाळ. खुब्याचं हाड मोडून आमच्याकडे आले होते. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, काठी घेऊन चालायला लागले. आमचे मोठे डॉक्टर फेरीला आले आणि खूश होऊन म्हणाले, "छान! आता घरी जायचं. फक्त जमिनीवर बसायचं नाही. खुर्ची वापरायची."

बिरामामा पटका सारखा करत म्हणाले, "डाक्टर, मेंढरामागं डोस्क्यावर खुर्ची घिऊन फिरू व्हय? आन् मी खुर्चीत बसलो तर मेंढरं मला तहसीलदार समजून पळून जातील की!"

डॉक्टरही हसले. बाई हसल्या नाहीत. डॉक्टर गेल्यावर त्या बिरामामांच्या खाटेजवळ बराच वेळ उभ्या राहिल्या. मग दुपारी मला म्हणाल्या, "पोरी, आपन खुबा मोडलेल्यांना चालायला शिकवतो आन् घरी धाडतो. घरी गेल्यावर तो बसणार कुठं? जेवणार कुठं? झाडाखाली टेकला तर उठणार कसा? आपल्या पुस्तकात हे हायच न्हाई."

डॉक्टरांची परवानगी काढायला त्यांना पुष्कळ बोलावं लागलं. मग महिनोन्‌महिने त्या बिरामामांना जमिनीशी पुन्हा ओळख करून देत राहिल्या. आधी उंच पेटीवर, मग ठेंगण्या पाटावर, मग घोंगडीच्या जाड घडीवर, आणि एक दिवस सरळ जमिनीवर. उठायची रीतही त्यांनीच बसवली. कुशीवर वळायचं, हात टेकायचा, चांगला गुडघा पुढं घ्यायचा, मग काठी. बरोबरच्या माणसाने ओढायचं नाही, काखेत हात घालायचा नाही. आपला गुडघा वाकवून समोर द्यायचा, पेशंट त्याच्यावर हात टेकून आपला आपण उठतो. बिरामामांच्या कारभारणीला त्यांनी हे असं शिकवलं की ती आमच्यापेक्षा चांगलं करू लागली.

हे सगळं लिहून काढायचा हट्ट माझा. बाई मराठीत सांगायच्या, मी इंग्रजीत टाईप करायची. जगभरच्या फिजिओथेरपिस्टांची परिषद युरोपातल्या एका थंड शहरात भरणार होती. तिथं आम्ही निबंध धाडला आणि तो चक्क निवडला गेला.

मोठे डॉक्टर म्हणाले, "अहो, खाली बसणं आणि उठणं, यावर निबंध? तिथं लोक मेंदूवर आणि मज्जारज्जूवर बोलणार!"

"बोलू देत की," बाई म्हणाल्या. "रज्जू बरा झाला तरी मानूस कुठंतरी बसंलच ना?"

डॉक्टर दिलदार. त्यांनीच मग माझं इंग्रजी तपासून दिलं आणि बाईंना स्वतःची सुटकेस दिली. बिरामामांचे फोटो काढायला स्टुडिओवाला बोलावला, तर मामा पटका काढायला तयार होईनात. "साहेब लोकांत बोडकं जाऊ व्हय?" असं म्हणत त्यांनी सगळे व्यायाम गुलालासारख्या लाल पटक्यात करून दाखवले.

राहिला थंडीचा प्रश्न. बाईंचा धाकटा भाऊ फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन साताऱ्याला राहत होता. ताठ, मोजकं बोलणारा, मिशीला पीळ असलेला गृहस्थ. बहिणीच्या ह्या कामाला तो 'उठाबशा' म्हणे. निघायच्या आदल्या दिवशी तो साताऱ्याहून एस.टी.ने मिरजेला आला आणि लडाखात वापरलेला आपला खाकी ओव्हरकोट टेबलावर ठेवून म्हणाला, "आक्का, ह्यो घाल. तिथली थंडी वळखीची न्हाई तुझ्या."

तो कोट नऊवारीवर घालून बाई विमानातून उतरल्या तेव्हा विमानतळावरचा एक म्हातारा शिपाई नकळत सावधान उभा राहिलेला मी पाहिला. बाईंनी त्याच्या पायांकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "डावा गुडघा गेलाय बिचाऱ्याचा."

भारतातून आम्ही थोडेच जण होतो. मुंबईचे एक-दोघे, दिल्लीची एक बाई. आमचा नंबर दुपारचा. सभागृहात गुबगुबीत खुर्च्यांच्या रांगा. बाईंनी निबंध पाठ केला होता. त्यांच्या इंग्रजीला पाटणचा वास होता, पण शब्द न् शब्द कळत होता. मी पडद्यावर फोटो दाखवत होते. बिरामामांचा पटका आला की लोक हसत, आणि मामा जमिनीवर बसलेले दिसले की पुढं वाकून बघत. निबंध संपला, टाळ्या झाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

मग प्रश्न विचारायची वेळ झाली. मधल्या रांगेतून एक पिकल्या केसांची, धिप्पाड बाई उठली. ती डेन्मार्कची. अतिशय नम्रपणे तिने विचारलं, "ज्या माणसाचा खुबा मोडला आहे त्याला जमिनीवर बसायला लावणं हा त्रास नाही का? त्याला एक चांगली खुर्ची देता येणार नाही का?"

बाईंनी तोंड उघडलं. पण पाठ केलेलं इंग्रजी संपलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी उत्तर द्यायला पुढे होणार एवढ्यात त्यांनी नऊवारीचा काष्टा चाचपला आणि व्यासपीठावर, माईकच्या शेजारी, सरळ मांडी घालून खाली बसल्या.

"हे जेवण," त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि घास घेतल्यासारखं केलं. "हे दळण." जातं फिरवलं. गुडघे उभे करून गाईची धार काढली, पोराला पायावर घेऊन न्हाऊ घातलं, चूल फुंकली. मग उकिडवं बसून म्हणाल्या, "आणि हे रोज सकाळी." सभागृह खदखदून हसलं. "सगळं आयुष्य इथं खाली आहे. खुर्ची दिली तर तो आयुष्याच्या वर बसेल. एकटा."

टाळ्या पडल्या. मला बिरामामांना पळत जाऊन हे सांगावंसं वाटलं.

बाई उठायला लागल्या. कुशीवर वळल्या, हात टेकला, गुडघा पुढं घेतला. आणि थांबल्या. लोकांना वाटलं, प्रात्यक्षिक चाललंय. मलाही तसंच वाटलं. मग मला त्यांचा चेहरा दिसला. कपाळावर घाम होता आणि ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. गुडघा हलेना.

त्या क्षणी मला लख्ख आठवलं की गेल्या कित्येक महिन्यांत बाईंना मी खाली बसलेलं पाहिलंच नव्हतं. परसात त्या उभ्या राहून सांगायच्या, करून दाखवायला मला पुढं करायच्या. मला वाटायचं, आता त्या मला शिकवून तयार करताहेत.

मी धावले, पण त्या डॅनिश बाई माझ्याआधी पोचल्या होत्या. त्यांना काय झालंय ते कळलं होतं. त्यांनी मागून येऊन बाईंच्या काखेत हात घातले.

"आवं, काखेत न्हाई! काखेत हात घालू नगा!" बाई माईकजवळ ओरडल्या.

मराठी त्या बाईंना कुठून कळणार! पण त्यांनी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. मग बाईंनी श्वास घेतला आणि बोटाने दाखवत इंग्रजीत म्हणाल्या, "तुमचा गुडघा. मला तुमचा गुडघा द्या."

ती धिप्पाड बाई समोर आली, एक पाय वाकवून बसली. बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात टेकला, सगळा भार दिला, आणि हळूहळू उभ्या राहिल्या. सभागृहात जो टाळ्यांचा कडकडाट झाला तसा आधी झाला नव्हता. ह्याच्यापेक्षा सुंदर प्रात्यक्षिक काय असणार! अध्यक्षही उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी मनात म्हटलं, सुटलो.

बाई लंगडत माईकपाशी गेल्या. टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या.

"हे दाखवण्यासाठी नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझा गुडघा खराब आहे. मी लपवला. पेशंटपासून, हिच्यापासून. आज मला उठता आलं नाही. ह्या बाईंनी मदत केली. थँक यू."

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं आणि पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं.

बाहेर हिरवळ होती, तिच्या कडेला एक बाक. बाई त्याच्यावर बसल्या. बाईंना असं खांदे पाडून बसलेलं मी प्रथमच बघत होते. रागावले होते मी. "सांगायची काय गरज होती? सगळे खूश होते!"

"खोट्यावर खूश व्हते."

"पण बाई, दुखत होतं तर मला तरी सांगायचं."

त्या ओव्हरकोटाची बटणं लावत राहिल्या. "कसं सांगू? 'उठा, उठा' म्हणून जल्मभर लोकांच्या मागं लागले. माझाच गुडघा उठंना म्हटल्यावर तोंड कुठं लपवू?" मग शेवटचं बटण लावून म्हणाल्या, "लाज वाटली गं. म्हाताऱ्या माणसागत लाज वाटली."

एवढ्यात त्या डॅनिश बाई कॉफीचे पेले घेऊन आल्या. शेजारी बसल्या. आधी हवापाण्याचं बोलल्या. मग पेल्याकडे बघत म्हणाल्या, "माझी आई शेतावर एकटी राहायची. गेल्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात पडली. हाड मोडलं नव्हतं, काही झालं नव्हतं. पण तिला जमिनीवरून उठता येईना. लहानपणानंतर ती जमिनीवर कधी बसलीच नव्हती. शेजारी येईपर्यंत तशीच पडून राहिली. पुढे ती फार दिवस जगली नाही." पेला बाकावर ठेवून त्या म्हणाल्या, "मी एवढ्या लोकांना शिकवते. तिला हे शिकवायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही."

मी मराठीत सांगायला लागले तर बाईंनी हातानेच थांबवलं. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी नुसता त्या बाईंच्या पाठीवर हात ठेवला. मग गवताकडे बोट करत म्हणाल्या, "चला. हिरवळ मऊ हाय. झोपा खाली."

परिषदेला आलेली माणसं चहाला बाहेर पडली तेव्हा त्यांना जे दिसलं ते असं: एक पिकल्या केसांची बाई उंची कपड्यांनिशी गवतावर उताणी पडलेली, आणि खाकी फौजी कोटातली दुसरी बाई बाकावरून हुकूम सोडतेय, "आधी कूस! कूस! घाई नको!" बघता बघता आणखी काही जणी पेले बाजूला ठेवून गवतावर आडव्या झाल्या. दिल्लीच्या बाईसुद्धा.

मिरजेला परतल्यावर बाई विभागात आल्या, त्या पेशंटच्या दारातून. बाकड्यावर नंबर लावून बसल्या आणि त्यांची पाळी आल्यावर मला म्हणाल्या, "तपास." त्यांच्याइतका वाईट पेशंट मला पुढे कधी मिळाला नाही. मी सांगितलेला प्रत्येक व्यायाम चूक आहे असं म्हणून त्या तो बरोबर करत. गुडघा पूर्ण बरा झाला नाही, पण खाली बसण्याइतका आणि सावकाश उठण्याइतका सुधारला. एक बदल मात्र सगळ्यांच्या लक्षात आला. पेशंटला 'उठा' म्हणून ओरडणं त्यांनी सोडलं. आता त्या विचारत, "उठायचं का?" जुने पेशंट बिचकले. बाईंची तब्येत बरी नाही असं त्यांना वाटलं.

सांगलीत सत्कार झाला. बाईंनी व्यासपीठावरूनच सांगून टाकलं की तिथं आपली फजिती झाली होती. सत्कार करणाऱ्यांना हार कुठं ठेवावा कळेना. बिरामामा मात्र पहिल्या रांगेत जमिनीवर बसून जोरजोरात मान हलवत होते.

निवृत्त झाल्यावर बाई साताऱ्याला सुभेदारांकडे राहायला गेल्या. सुभेदारांचं अंगण मोठं. दुपारी गल्लीतल्या म्हाताऱ्या तिथं जमायला लागल्या. बाई त्यांना सतरंजीवर आडवं करत आणि पुन्हा उठवत. पडल्यावर काय करायचं, ते पडायच्या आधी शिकवायचं, हा त्यांचा नवा ध्यास. सुभेदार वर्तमानपत्र तोंडापुढं धरून ओट्यावर बसत आणि मला भेटले की तक्रार करत, "माज्या अंगणाचं परेड मैदान केलंय आक्कानं. रोज उठाबशा! मानसानं पडायचंच कशाला म्हन्तो मी?"

"तुमीबी या की एक दिवस," बाई म्हणत.

"आमी फौजेतली मानसं. आमास्नी नको शिकवू."

एकदा मी त्यांच्याकडे जेवायला थांबले होते. बाई स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरीचं पीठ मळत होत्या. मी ताटं मांडत होते. न्हाणीघराकडून धाडकन आवाज आला. मी धावणार, तर बाईंनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. कान तिकडेच लागले होते. आतून काही वेळ नुसतं पाणी वाहिल्याचा आवाज येत राहिला. मग तांब्या सरकवल्याचा. मग दार वाजलं.

सुभेदार ओल्या पंच्याने आले. कोपर खरचटलं होतं, मिशी चिकटली होती.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाई. घसरलो."

"मग?"

"मग काय? उठलो."

"कसं?"

सुभेदार भिंतीकडे बघत म्हणाले, "कुशीवर वळलो. हात टेकला. चांगला गुडघा म्होरं घेतला आन् हौदाच्या काठाला धरलं. रोज वरडतीस त्येच. कान काय बंद करून बसतो व्हय मी?" आणि कोपरावर फुंकर घालत ते कपडे घालायला निघून गेले.

मी बाईंकडे बघितलं. पदराने डोळे टिपायला हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी तोंड खांद्याकडे वळवलं आणि परातीतलं पीठ पुन्हा मळायला घेतलं. ते केव्हाच मळून झालेलं होतं.